डागडुजीचा खर्च कोणाचा?

मुंबईत जुन्या चाळीत वाढलेल्या माणसाला पावसाळा दोन ठिकाणी भेटतो. एकदा रस्त्यावर आणि एकदा घरात. रस्त्यावरच्या पावसावर कविता झाल्या, घरातल्या पावसाखाली आमच्या अम्मीने पातेली मांडली. कोणते पातेले कुठे ठेवायचे हे तिला पाठ होते.

२००३ च्या जुलैत मात्र पातेल्यांनी भागेना. डोंगरीतल्या आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सामाईक गॅलरीची तुळई आतून वाळवीने खाल्ली होती. वरून रंग शाबूत होता, म्हणून कोणाला कळले नाही. एका रात्री गॅलरी चार बोटे खाली बसली. नळ गॅलरीच्या टोकाला आणि संडासही तिकडेच. आठ बिऱ्हाडांचे येणे-जाणे त्या चार बोटांवरून. अब्बा आणि शेजारचे चाचा दुसऱ्या दिवशी सकाळीच मालकांकडे गेले. मालक गावी गेलेले. त्यांचा हिशेब पाहणारा मेहता म्हणाला, ‘सेठ आल्यावर सांगतो.’ तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच उत्तर. चौथ्या दिवशी मिस्त्रीला बोलावून टेकू लावले, सडलेली तुळई काढली, लोखंडी गर्डर चढवला, वर लाद्या बसवल्या. एकूण खर्च २६,००० रुपये. आठ बिऱ्हाडांत वाटून प्रत्येकी ३,२५०. अब्बांनी लोखंडाची, सिमेंटची, मिस्त्रीच्या मजुरीची, झाडून सगळी बिले बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली.

मालक परतल्यावर बिले घेऊन सगळे गेले. मालक आपल्याच समाजातले, पाच वक्त नमाजी, हज करून आलेले. त्यांनी बिले हातात घेतलीसुद्धा नाहीत. म्हणाले, ‘हमने बोला था क्या? बिना इजाजत किया, तो वो तबर्रु हो गया. अल्लाह अज्र देगा.’

तबर्रु म्हणजे स्वखुशीने केलेला उपकार, ज्याचा मोबदला मागता येत नाही. अब्बा गप्प बसले. दीनचा शब्द समोर आला की आमच्या घरात वाद थांबायचा. आम्ही तेव्हा सातवीत होतो. मालकांचे म्हणणे बरोबर होते की नाही, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात राहिला. पुढे बी.एड. झाल्यावर, शाळेत शिकवू लागल्यावर, सवड मिळेल तसे वाचत गेलो. त्या वाचनातून जे हाती आले ते इथे मांडतो आहोत. आम्ही वकील नाही की मुफ्ती नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आधी मालकांच्याच शब्दापासून सुरुवात करू. हनफी फिकहमध्ये घर भाड्याने देण्याला इजारा म्हणतात. इजारा म्हणजे वस्तूचा उपभोग विकणे. घर मालकाचेच राहते, राहण्याचा फायदा तेवढा भाडेकरू विकत घेतो. हा फायदा विकला असेल तर तो मिळेल अशा स्थितीत घर ठेवणे हे विकणाऱ्याचे काम. उस्मानी साम्राज्यात १८६९ ते १८७६ या काळात अहमद जेवदेत पाशांच्या अध्यक्षतेखाली हनफी व्यवहारशास्त्राची कलमवार संहिता तयार झाली. तिला ‘मजल्ला’ म्हणतात (आपल्या तिसऱ्या मजल्याशी तिचा संबंध नाही). तिच्यात १,८५१ कलमे आहेत. भारतात ती कधी लागू नव्हती, पण ज्या फिकहवर ती उभी आहे तीच आपल्याकडचे बहुसंख्य उलेमा शिकवतात. म्हणून तिचा दाखला इथे गैरलागू नाही.

मजल्लाचे ५२९ वे कलम सांगते की, ज्या दुरुस्तीवाचून भाड्याच्या वस्तूचा उपभोग घेता येत नाही ती दुरुस्ती मालकावर. घराची डागडुजी, पाण्याच्या वाटा, नळ, सारे यात आले. मालक करत नसेल तर भाडेकरूला घर सोडून जाता येते. मात्र घर घेतानाच ती मोडतोड त्याने पाहिलेली असेल तर नंतर तिचे निमित्त करता येत नाही. आणि भाडेकरूने आपल्या मनाने ही कामे केली तर तो तबर्रु, खर्च मागता येत नाही. मालकांनी हे शेवटचे वाक्य कुठेतरी ऐकलेले होते. पहिले वाक्य ऐकले नव्हते, किंवा ऐकून विसरले होते.

५३० वे कलम तर आणखी बारकाईचे आहे. मालकाच्या परवानगीने भाडेकरूने दुरुस्ती केली तर दोन प्रकार होतात. घराचे भले करणारी किंवा घराला नुकसानीपासून वाचवणारी दुरुस्ती, उदाहरणार्थ छपराची कौले बदलणे, असेल तर आधी तसे ठरले नसले तरी खर्च मालकाकडून वसूल होतो. पण दुरुस्ती केवळ भाडेकरूच्या सोयीची असेल, उदाहरणार्थ चूल-भट्टी नीट करणे, तर आधी ठरले असेल तरच खर्च मिळतो. कौले मालकाची, चूल भाडेकरूची. आमच्या वर्गातल्या मुलांनाही कळेल इतकी सोपी विभागणी आहे. आमच्या गॅलरीची तुळई कौलांच्या बाजूला पडते, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

अडले ते परवानगीपाशी. मालक गावी, मेहता टोलवतोय, गॅलरी खाली बसतेय. अशा वेळी इजाजत कोणाकडून घ्यायची? मेहता मालकाच्या वतीने भाडे घेतो, पावती देतो, तर मालकाच्या वतीने हो म्हणायला त्याला काय हरकत होती? आमच्या मते मेहत्याला दोनदा सांगणे हे मालकाला सांगणेच होते. पण सांगणे आणि परवानगी मिळणे या दोन गोष्टी आहेत, आणि तेवढ्या फटीतून मालक निसटले.

जुन्या फिकहचा भर भाडेकरूने घर सोडण्यावर का, हेही समजून घ्यायला हवे. मालकावर त्याच्याच मालमत्तेची दुरुस्ती करण्याची सक्ती करायची नाही, पण भाडेकरूलाही मोडक्या घरात अडकवून ठेवायचे नाही, असा तो तोल होता. ज्या शहरात दुसरे घर त्याच भाड्याने मिळते तिथे तो न्याय्यच म्हणावा लागेल. मुंबईत आमच्या काळात ही परिस्थिती नव्हती. इथे घर सोडण्याचा हक्क म्हणजे मुंबई सोडण्याचा हक्क. आणि पागडी देऊन घेतलेली खोली कोण सोडेल?

या संदर्भात वक्फच्या मिळकतींविषयीचा एक नियमही सांगायला हवा, कारण आपल्या वस्त्यांतल्या कित्येक इमारती ट्रस्टच्या आहेत. ‘हिदाया’ या ग्रंथात (चार्ल्स हॅमिल्टनने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १७९१ मध्ये निघाले आणि इंग्रजांच्या कोर्टात ते बरेच वापरले गेले) असे सांगितले आहे की, वक्फच्या उत्पन्नातला पहिला खर्च त्या वास्तूच्या दुरुस्तीवर व्हायचा. वक्फ करणाऱ्याने तसे लिहून ठेवले असो वा नसो. एखाद्याला त्या घरात राहण्याचा हक्क दिला असेल आणि तो दुरुस्ती करत नसेल, तर काजीने घर भाड्याने द्यावे, त्या भाड्यातून दुरुस्ती करावी आणि मग घर त्याला परत करावे. भाड्यातून दुरुस्ती हे सूत्र इथे स्पष्ट आहे. आपल्या ट्रस्टींपैकी कितीजणांनी ते पान उघडले असेल, कोण जाणे.

आता इंग्रजांच्या कायद्याकडे येऊ. लोकांचा समज असा की इंग्रजांचा कायदा भाडेकरूच्या बाजूचा. मुळात तसे नव्हते. करारात लिहिले नसेल तर मालक दुरुस्तीला बांधील नाही, हा तिथला जुना नियम. मात्र मालक बांधील असेल आणि तो करत नसेल, तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून भाड्यातून वळती करावी, ही वाट इंग्रजी न्यायालयांनी फार पूर्वी मोकळी केली होती. १५९१ सालच्या टेलर विरुद्ध बील या खटल्यापर्यंत ती मागे जाते. म्हणजे आपल्याकडे अकबर बादशहा गादीवर होता तेव्हा. पुढे ही वाट जवळजवळ विस्मरणात गेली आणि १९७१ मध्ये ली-पार्कर विरुद्ध इझेट या खटल्यात लंडनच्या न्यायाधीशांनी ती पुन्हा झाडून साफ केली.

हिंदुस्थानात ती १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आली. त्याच्या कलम १०८ मध्ये भाडेकरूचे हक्क मांडले आहेत. मालक जी दुरुस्ती करायला बांधील आहे ती त्याने सूचनेनंतर वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने ती करावी आणि खर्च व्याजासह भाड्यातून कापावा किंवा अन्य मार्गाने वसूल करावा. व्याजासह! सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा शब्द वाचून आम्ही चकित झालो. पण ‘जी दुरुस्ती करायला बांधील आहे ती’ या शब्दांत सगळी मेख आहे. बांधील कशाने? कराराने. आणि चाळीतल्या भाडेकरूकडे करार कुठला? त्याच्याकडे पावती.

त्याच्याही आधी १८७२ चा करार कायदा आहे. त्याचे ७० वे कलम म्हणते की, एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केले, ते फुकट करण्याचा त्याचा इरादा नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्या दुसऱ्याने भरपाई द्यावी. वाचकांनी हे कलम आणि तबर्रुचा नियम शेजारी ठेवून पाहावेत. फिकहमध्ये परवानगीशिवाय केलेले काम उपकार समजले जाते, तर या कलमात उपकाराचा इरादा नव्हता एवढे दाखवले की मागणीला जागा होते. अब्बांचा इरादा फुकट करण्याचा नव्हता याचा पुरावा त्या पत्र्याच्या डब्यात होता. उपकार करणारा माणूस बिले जपून ठेवत नाही.

आणखी एक कलम आमच्या वाचनात आले, त्याची माहिती फारशी कोणाला नसते. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्याचे कलम ४९९. या कायद्याखाली घरमालकाने जे काम करणे भाग आहे ते त्याने केले नाही, तर तिथे राहणारा माणूस आयुक्तांच्या मंजुरीने ते काम करू शकतो, वाजवी खर्च मालकाकडून वसूल करू शकतो आणि भाड्यातून कापूही शकतो. हा कायदा झाला तेव्हा मुंबईत प्लेगही यायचा होता. १८९६ मध्ये प्लेग आला, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, नागपाडा-मांडवी भागांत घरे पाडून रस्ते रुंद झाले, आणि पाडलेल्या घरांतली माणसे उरलेल्या घरांत दाटीने शिरली. आपल्या मोहल्ल्यांतली दाटी तिथून वाढत गेली.

पहिल्या महायुद्धात भाडी भडकली म्हणून १९१८ मध्ये मुंबईत भाड्यावर पहिले सरकारी नियंत्रण आले. दुसऱ्या महायुद्धात ते पुन्हा आले आणि १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने ते पक्के झाले. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण धरले गेले. या कायद्याबद्दल बोलताना लोक फक्त गोठवलेल्या भाड्याबद्दल बोलतात. त्यातल्या २३ व्या कलमाने जे केले ते त्याहून कमी महत्त्वाचे नव्हते. भाडेकरूने उलट काही कबूल केले नसेल तर प्रत्येक मालक घर राहण्याजोगे ठेवायला बांधील आहे, असे तिथे सरळ लिहिले गेले. १८८२ च्या कायद्यातली मेख निघाली. आता करार नसणे हे भाडेकरूच्या बाजूचे झाले. मालकाने दुरुस्ती टाळली, तर किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, वाजवी मुदत थांबायचे, मग एकट्याने किंवा सगळ्या भाडेकरूंनी मिळून काम करायचे आणि खर्च भाड्यातून वळता करायचा.

मालकांनी यावर दोन उपाय काढले. एक, भाडेपावतीच्या मागे बारीक अक्षरात ‘आतील सर्व दुरुस्ती भाडेकरूने करावयाची’ असे छापणे. दुसरा उपाय म्हणजे काहीच न करणे, आणि तो जास्त परिणामकारक ठरला. गोठलेल्या भाड्यात इमारत सांभाळणे परवडत नाही, हे मालकांचे म्हणणे खोटे नव्हते. सिमेंट, लोखंड, मजुरी यांना कोणी १९४० च्या भावात बांधून ठेवले नव्हते. आम्ही भाडेकरूच्या घरात वाढलो म्हणून हे नाकारणार नाही. पण पागडीचा पैसा मालकाच्याच हाती जात होता, तो या हिशेबात कधी धरला गेला नाही. पावतीवर भाडे दिसे, पागडी दिसत नसे.

इमारती कोसळू लागल्या तेव्हा सरकारने तिसरी वाट काढली. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ उभे राहिले, जुन्या इमारतींवर उपकर बसला आणि त्या पैशातून मंडळाने मोठी दुरुस्ती करायची असे ठरले. पुढे हे मंडळ म्हाडात आले. उपकरप्राप्त इमारती सुरुवातीला १९,६४२ होत्या. एकोणीस हजार इमारतींचे आजारपण एका दवाखान्यात! रांग लागणारच होती. भाडेकरू आणि मालक यांच्यातला जो सरळ हिशेब होता त्यात आता तिसरा पक्ष आला, आणि गॅलरी पडायला आली की मालक म्हणू लागला, मंडळाकडे जा.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेले भाडे आता वाजवी राहिलेले नाही असे सांगितले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. दरवर्षी ४ टक्के भाडेवाढीची सोय झाली, पागडीलाही कायद्यात जागा मिळाली. दुरुस्तीचे कलम आता १४ वे झाले. आमच्या गॅलरीला हेच कलम लागू होते.

या कलमात एक फार मोलाची तरतूद आहे. भाडेकरूंनी ठेवलेला हिशेब आणि त्यासोबतच्या पावत्या हा खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जाईल आणि तो मालकावर बंधनकारक राहील. म्हणजे ‘इतका खर्च आलाच नाही’ असे मालकाला म्हणता येत नाही. अब्बांच्या डब्याला कायद्याने एवढी किंमत दिली होती आणि अब्बांना ते ठाऊक नव्हते. सांगणारेही कोणी भेटले नाही.

आणि त्याच कलमात एक मर्यादा आहे. एका वर्षात कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नको. आमच्या खोलीचे भाडे महिना ४८ रुपये. वर्षाचे ५७६. त्याचा चौथा हिस्सा १४४ रुपये. आमच्या वाट्याचा खर्च ३,२५० रुपये. आम्ही हे गणित एकदा सातवीच्या वर्गात फळ्यावर घातले. मुलांनी भागाकार केला आणि उत्तर आले साडेबावीस वर्षे. एका मुलाने हात वर करून विचारले, ‘सर, तब तक तो दूसरी बीम भी सड जाएगी ना?’ आम्ही त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. ४ टक्के वाढ धरली तर वर्षे काही कमी होतात, पण मुलाचा मुद्दा उरतोच. २००३ पासून साध्या हिशेबाने मोजले तर तो खर्च आजच्या घडीला जेमतेम फिटला असता. ज्या भाड्याने भाडेकरूला वाचवले त्याच भाड्याने त्याचा परताव्याचा हक्क पोकळ करून टाकला. भाडे जितके कमी तितकी वळती कमी.

नोटिशीची गोष्ट वेगळी. पंधरा दिवसांची नोटीस ही मालकाला संधी मिळावी म्हणून आहे आणि भिंतीला ओल आली, जिन्याची पायरी तुटली अशा कामांना ती योग्यच आहे. पण खाली बसलेली गॅलरी पंधरा दिवस थांबत नाही. तातडीच्या कामासाठी वेगळी मुदत या कलमात नाही. आमच्या इमारतीतल्या लोकांनी चार दिवस वाट पाहिली. लेखी काहीच दिले नाही. म्हणजे कायद्याच्या अक्षरावर बोट ठेवले तर मालक तिथेही निसटतात, जसे ते फिकहमध्ये निसटले. फिकहमध्ये इजाजत नव्हती आणि इथे नोटीस नव्हती.

परदेशातला एक खटला इथे सांगण्याजोगा आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या कॅम्डन गावात १९६९ च्या जूनमध्ये एका भाडेकरू बाईंच्या घरातले संडासाचे भांडे तडकले आणि पाणी जमिनीवर वाहू लागले. मालकाला कळवण्याचे प्रयत्न झाले, मालक सापडेना. बाईंनी नळ कारागीर बोलावला, ८५ डॉलर ७२ सेंट दिले. महिन्याचे भाडे ९५ डॉलर होते. त्यातून ही रक्कम कापून उरलेले भाडे आणि कारागिराची पावती त्यांनी मालकाला पाठवली. मालकाने भाडे थकवले म्हणून घर खाली करण्याचा दावा लावला. १९७० मध्ये मरिनी विरुद्ध आयर्लंड या नावाने तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने बाईंच्या बाजूने निकाल दिला. घर राहण्याजोगे ठेवण्याचे वचन भाड्याच्या व्यवहारात न बोलता अंतर्भूत असते, मालकाला कळवण्याचा खरा प्रयत्न करूनही तो करत नसेल तर भाडेकरूने वाजवी खर्चात दुरुस्ती करून ती भाड्यातून कापावी, असे न्यायालय म्हणाले. कॅलिफोर्नियात तर ही सोय १८७२ पासून कायद्यातच होती, मात्र एका महिन्याच्या भाड्याच्या मर्यादेत. बाईंच्या एका महिन्याच्या भाड्यात कारागीर बसला. आमच्या ४८ रुपयांत काय बसले असते? दोन किलो खिळे.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०२१ च्या जूनमध्ये राज्यांसाठी आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना मंजूर केला. त्यात वळतीची मर्यादा दरमहा भाड्याच्या निम्मी ठेवली आहे. बाजारभावाने भाडे देणाऱ्याला तिचा उपयोग आहे. जुन्या चाळीतल्या माणसाला तिच्यानेही गर्डर चढत नाही.

अब्बांनी शेवटी काय केले ते सांगायचे राहिले. चाचांच्या सांगण्यावरून त्यांनी एकदा भाडे कापून देऊन पाहिले. मेहत्याने घेतले नाही. मग मनीऑर्डर केली, ती ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत आली. अम्मी घाबरली. भाडे थकले असे दाखवून मालक खोली काढून घेतील, ही भीती चाळीतल्या प्रत्येक बाईच्या मनात असते. भाडे थकल्याच्या नोटिशीनंतर नव्वद दिवसांत पैसे भरले तर खोली जात नाही, ही तरतूद याच १९९९ च्या कायद्यात होती. तीही कोणाला ठाऊक नव्हती. लोकमान्य टिळक मार्गावरच्या लघुवाद न्यायालयात जावे, असे एकाने सुचवले. वकिलाची पहिली फीच आमच्या वाट्याच्या खर्चाच्या आसपास होती. तिसऱ्या महिन्यात अब्बांनी पूर्ण भाडे नेऊन दिले आणि पावती घेतली. आठांपैकी कोणालाच एक पैसा परत मिळाला नाही.

यात अब्बांची चूक होती का? आम्हाला बरीच वर्षे वाटे की होती, त्यांनी भांडायला हवे होते. आता तसे वाटत नाही. त्यांच्याकडे दोन पर्याय होते, पैसे किंवा जीव, आणि त्यांनी क्रम बरोबर लावला. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी भेंडीबाजारात पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे गेली. १६ जुलै २०१९ रोजी आमच्या डोंगरीतच तांडेल स्ट्रीटवरची केसरबाई इमारत कोसळली. त्या दिवशी आम्ही शाळेतून परतताना रुग्णवाहिका निघायला वाट नव्हती, इतकी गल्ली माणसांनी भरली होती. लोक हातोहात दगड-विटा मागे देत होते. त्या इमारतींच्या पडण्याची कारणे वेगवेगळी आणि गुंतागुंतीची आहेत, त्यावर आम्ही निवाडा देत नाही. पण त्या संध्याकाळी घरी येऊन आम्ही प्रथम गॅलरीतल्या गर्डरला हात लावून पाहिला.

मालकांच्या तबर्रुच्या मुद्द्याबद्दल आम्ही एका बुजुर्ग आलिमांना विचारले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘मसला अपनी जगह ठीक है. मगर जिसने भाडा लिया, उसपर मरम्मत पहले वाजिब थी. वो अपना वाजिब छोडकर दूसरे का तबर्रु गिन रहा है.’ अब्बा तेव्हा हयात नव्हते.

मालमत्ताधारकांचा एक मोठा खटला या काळात चालूच होता. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात प्रकरण आठ-अ घालून उपकरप्राप्त इमारती भाडेकरूंच्या सहकारी संस्थांसाठी महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट रकमेत संपादन करण्याची सोय केली होती. मालकांनी तिला आव्हान दिले. त्यातून निघालेल्या प्रश्नावर ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी निकाल दिला की, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. वर्तमानपत्रांत त्यावर पाने भरली. आमच्या गॅलरीत त्याची चर्चा दहा मिनिटे झाली, मग पाणी आले आणि सगळे बादल्या घेऊन उठले.

इमारत अजून उभी आहे. पुनर्विकासाची बोलणी होतात आणि थांबतात. मालक गेले, आता त्यांचे चिरंजीव पाहतात. २०१९ नंतर आम्ही इमारतीत एक प्रथा सुरू केली आहे. दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पावसाला महिनाभर असताना, आठही बिऱ्हाडे गॅलरीतून एक फेरी मारतात. कुठे ओल, कुठे तडा, कुठे गंज, सगळे लिहून काढतात. अक्षर बरे म्हणून मजकूर आम्ही लिहितो, मराठीतून. कलम १४ चा उल्लेख करतो, तातडीचे काम निघाल्यास वाट पाहता येणार नाही आणि खर्च आपणाकडून घेतला जाईल असे एक वाक्य घालतो. आठ सह्या होतात, त्यात एक अम्मीची. पत्र पोस्टाने जाते, पोचपावती येते. पोचपावत्या त्याच पत्र्याच्या डब्यात ठेवतो, २००३ च्या बिलांवर.

मागच्या वर्षी पत्र गेल्यावर नवव्या दिवशी मालकांचा माणूस आला. त्याने जिन्यावरची गळकी पन्हळ बदलून दिली आणि जाताना विचारले, ‘मास्टरजी, वो जुना बिल अभी तक रखा है क्या?’ आम्ही डबा उघडून दाखवला.